जुना पत्ता, नवा पत्ता

गिरगांवांतल्या एखाद्या चाळींत पत्र पाठवावयाचें असेल, तर चाळीचें नांव, मजला, खोलीचा क्रमांक, रस्ता आणि शहर एवढें पाकिटावर लिहिलें म्हणजे पुरे, असा एक काळ होता. पोस्टमन चाळींतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला नांवानें ओळखीत असे, आणि पत्त्यांत एखादी चूक राहिली तरी त्याची स्मरणशक्ति ती भरून काढी. पुढें पत्रांची संख्या इतकी वाढली कीं, माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबणें अशक्य झालें. एकाच नांवाचीं अनेक गांवें, दहा लिप्यांतलीं हस्ताक्षरें आणि टपालाच्या थैल्यांचे ढीग! यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजीं भारतांत सहा आंकडी पिनकोड सुरू झाला. ही योजना आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे कोंकणांतले. सरकारी टपालखात्यांतले वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे कवि. त्यांच्या योजनेंत पहिला आंकडा देशाचा विभाग सांगतो आणि पुढचे आंकडे क्रमाक्रमानें पत्राला योग्य त्या टपालकचेरीपर्यंत नेऊन पोंचवितात. पत्र हाताळणाऱ्याला सबंध देश ठाऊक असण्याचें कारण उरलें नाहीं. पुढचा एक टप्पा कळला कीं त्याचें काम भागतें.

इंटरनेट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जगड्व्याळ जाळ्याचा सगळा व्यवहार अशाच एका आंकडी पत्त्यावर चालतो. हा पत्ता सामान्य मनुष्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो. पण ज्या घरांत मोबाइल आहे त्या घरांत तो आहेच. या पत्त्यांची जुनी पद्धति अपुरी पडली, तिच्या जागीं नवी पद्धति १९९५ सालींच तयार झाली, आणि तरीही जग जुन्या घरांतून नव्या घरांत पुरतें राहावयास गेलेलें नाहीं. अर्धें सामान इकडे, अर्धें तिकडे, अशी स्थिति आहे. हें स्थलांतर इतकें लांबलें कां, आणि तें पुरें होण्यांत कोणाचें काय गुंतलें आहे, हा प्रश्न वाटतो तितका तांत्रिक नाहीं.

प्रथम हा पत्ता म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. इंटरनेटवरून जाणारी कोणतीही वस्तु, मग तें पत्र असो, छायाचित्र असो, कीं परदेशीं असलेल्या मुलाचा आवाज असो, अखंड स्वरूपांत जात नाहीं. तिचे लहान लहान तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचें एक पुडकें बांधलें जातें. त्या पुडक्यावर पाठविणाऱ्या यंत्राचा आणि घेणाऱ्या यंत्राचा, असे दोन पत्ते घातलेले असतात. वाटेंत नाक्यानाक्यावर राउटर नांवाचीं यंत्रें बसविलेलीं आहेत. तीं पत्त्याचा आरंभींचा भाग वाचतात आणि पुडकें पुढच्या नाक्याकडे ढकलतात. पिनकोडची आणि या व्यवस्थेची जात एकच. मनुष्याला आंकडे लक्षांत राहत नाहींत, म्हणून संकेतस्थळांना नांवें दिलेलीं असतात, आणि नांवावरून आंकडा शोधून देणारी एक निराळी सूची पडद्याआड काम करीत असते. पुडकें मात्र आंकड्यावरच चालतें.

या पत्त्याची लांबी किती असावी, हा प्रश्न १९७७ च्या सुमारास अमेरिकेंत उपस्थित झाला. संगणकाला दोनच चिन्हें कळतात. दिवा लागलेला किंवा दिवा विझलेला. तेव्हां पत्ता म्हणजे देवळापुढची एक दीपमाळच समजावी. दिव्यांच्या जितक्या निरनिराळ्या मांडण्या, तितके पत्ते. एक दिवा असेल तर दोन मांडण्या. दोन असतील तर चार. आणि पुढें प्रत्येक वाढीव दिव्यागणिक दुप्पट. कोणी म्हणे ३२ दिवे पुरेत, कोणी म्हणे १२८ हवेत, तर कोणी दिव्यांची संख्या गरजेप्रमाणें कमीजास्त करतां यावी असा आग्रह धरी. वाद मिटेना. अखेर अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या संशोधनशाखेंत या प्रकल्पाचीं सूत्रें ज्यांच्या हातीं होतीं, त्या व्हिंट सर्फ यांनीं ३२ दिव्यांवर शिक्कामोर्तब केलें. त्यांच्या दृष्टीनें तो केवळ एक प्रयोग होता. प्रयोग यशस्वी झाला तर खरीखुरी व्यवस्था मागाहून नीट बांधतां येईल, असा त्यांचा हिशेब होता. परंतु प्रयोगच इतका यशस्वी झाला कीं, तो संपविण्याची संधि कोणाला कधीं मिळालीच नाहीं.

३२ दिव्यांच्या मांडण्या होतात ४,२९,४९,६७,२९६. ही संख्या ऐकतांना प्रचंड वाटते. पण या पत्त्याची चौथी आवृत्ति म्हणून ज्ञात असलेली पद्धति १९८१ च्या सप्टेंबरांत कायम स्वरूपांत प्रसिद्ध झाली, त्या वेळीं पृथ्वीवरील माणसेंच सुमारें ४५० कोटि होतीं. म्हणजे माणशीं एक पत्ता द्यावयाचा म्हटला असता तर तो पहिल्या दिवशींच पुरला नसता. तेव्हां हा विचार कोणाच्या मनांतही आला नाहीं, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. १ जानेवारी १९८३ रोजीं त्या वेळच्या आर्पानेट या जाळ्यानें जुनी भाषा टाकून ही नवी भाषा एका दिवसांत स्वीकारली. पण जाळ्यांत तेव्हां संगणक होते अवघे कांहीं शें. संगणक म्हणजे विद्यापीठांत आणि सरकारी प्रयोगशाळांत ठेवावयाचें एक अवजड यंत्र होतें. तें एके दिवशीं भाजीवाल्याच्या खिशांतही असेल, हें भाकीत करणाऱ्याला लोकांनीं हंसण्यावारी नेलें असतें.

संख्या मोठी, मागणारे थोडे. अशा वेळीं वांटप सढळ हातानें होतें. आरंभींच्या काळांत या आंकड्यांची नोंद कॅलिफोर्नियांतील जॉन पोस्टेल हे शास्त्रज्ञ ठेवीत असत. पत्त्यांचीं तीन मापें ठरलीं होतीं. पहिल्या वर्गाचें एकेक वतन १,६७,७७,२१६ पत्त्यांचें. दुसऱ्या वर्गाचें ६५,५३६ चें. आणि तिसऱ्या वर्गाचें अवघें २५६ चें. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेला, स्टॅनफर्ड विद्यापीठाला, फोर्ड मोटर कंपनीला, अॅपल कंपनीला पहिल्या वर्गाचीं वतनें मिळालीं. मधल्या आकाराच्या संस्थेला २५६ पत्ते अपुरे पडत, म्हणून ती ६५,५३६ चें वतन मागून घेई, आणि त्यांतले बहुतेक पत्ते पडीक जमिनीसारखे पडून राहत. संगणकाला स्वतःशींच बोलतां यावें एवढ्याकरितां एक संपूर्ण पहिल्या वर्गाचें वतन राखून ठेवलें गेलें. पुढेंमागें कांहीं उपयोग होईल म्हणून आणखी २६,८४,३५,४५६ पत्ते बाजूला काढले, ते आजतागायत सर्वसाधारण वापरांत आलेले नाहींत. मिळालेलें वतन आपण होऊन परत करणारे विरळा. स्टॅनफर्ड विद्यापीठानें २००० सालीं आपलें मोठें वतन परत केलें, हें त्या बाबतींतलें ठळक उदाहरण.

१९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच जाणत्यांच्या लक्षांत आलें कीं, कोठार रितें होणार. तेव्हां दोन मार्गांनीं एकदम काम सुरू झालें. पहिला मार्ग डागडुजीचा. १९९३ सालीं वर्गांचीं तीन ठराविक मापें मोडून टाकण्यांत आलीं, आणि ज्याला जेवढी गरज तेवढेंच माप कापून द्यावयाचें ठरलें. १९९४ सालीं दुसरी एक युक्ति प्रसिद्ध झाली, आणि तिनें पुढचीं तीस वर्षें इंटरनेटचा संसार चालविला. ती समजण्यासाठीं पुण्यांतला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढें आणावा. वाड्यांत वीस बिऱ्हाडें आहेत, पण बाहेरच्या जगाला पत्ता ठाऊक आहे तो एका वाड्याचा. देवडीवर एक पहारेकरी बसलेला आहे. आंतल्या बिऱ्हाडानें पत्र पाठविलें कीं, तो त्यावरचा खोलीचा क्रमांक पुसून वाड्याचा पत्ता घालतो आणि आपल्या वहींत तशी नोंद करतो. उत्तर आलें कीं, वही पाहून तें योग्य त्या बिऱ्हाडाला देतो. आंतल्या खोल्यांसाठीं कांहीं आंकडे मुद्दाम राखून ठेवलेले असतात. ते जगांतल्या कोणत्याही वाड्यानें वापरले तरी चालतात, कारण ते देवडीबाहेर कधीं जातच नाहींत. घराघरांतल्या वायफायच्या पेटींत आज हाच पहारेकरी बसलेला आहे.

दुसरा मार्ग नव्या बांधणीचा. अनेक योजना पुढें आल्या, वादविवाद झाले, आणि १९९५ च्या डिसेंबरांत स्टीव्ह डियरिंग व बॉब हिंडन यांनीं लिहिलेली सहावी आवृत्ति प्रसिद्ध झाली. चौथीनंतर पांचवी कां नाहीं, असा प्रश्न सहजच पडतो. पांच हा आंकडा ध्वनि आणि चित्र वाहून नेण्याच्या एका निराळ्या प्रयोगाकडे आधींच गेलेला होता, इतकेंच. सहाव्या आवृत्तींत दीपमाळेचे दिवे झाले १२८. ३२ च्या चौपट दिवे म्हणजे पत्तेही चौपट, असें वरवर पाहणाराला वाटेल. पण प्रत्येक दिवा दुप्पट करीत जातो, हें विसरून चालणार नाहीं. ही संख्या लिहावयाची तर ३४ या आंकड्यावर ३७ शून्यें मांडावीं लागतात. एखाद्या साध्या घराच्या जाळ्याला या पद्धतींत निदान निम्म्या दिव्यांचा, म्हणजे ६४ दिव्यांचा, हिस्सा स्वतंत्र मिळतो. आणि एवढ्या एका घरांतले पत्ते जुन्या सबंध इंटरनेटच्या ४२९ कोटि पट भरतात. दुष्काळांतून एकदम महापुरांत आल्यासारखें हें वाटतें, पण हेतु उधळपट्टीचा नव्हता. पुन्हां कधीं कोणाला पत्त्यांची मोजदाद करीत बसावें लागूं नये, हा तो हेतु होता.

नव्या पत्त्याचें रूप मात्र पाहणाराला प्रथम बिचकवितें. जुना पत्ता म्हणजे टिंबांनीं जोडलेले चार आंकडे, प्रत्येक ० ते २५५ पर्यंतचा. कामांत मुरलेल्या इंजिनियराला असे शंभर पत्ते तोंडपाठ असत. नव्यांत आठ गट, प्रत्येक गटांत चारपर्यंत चिन्हें, आणि गटांच्या मध्यें विसर्गासारखीं दोन दोन टिंबें. शिवाय मोजणी दहाची नसून सोळाची. म्हणजे नवानंतर आणखी सहा चिन्हें रोमन अक्षरांनीं दाखवावयाचीं. सोळाचा हिशेब महाराष्ट्राला वस्तुतः नवा नाहीं. १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणेच होते. पण संवय मोडली म्हणजे मोडली, आणि नवीन रूप पाठ होत नाहीं ही तक्रार आजही ऐकूं येते.

खरी अडचण रूपाची नव्हती. नव्या पत्त्याचें पुडकें जुन्या यंत्राला वाचतांच येत नाहीं, ही खरी अडचण होती. जुन्या पुडक्यावर पत्त्यासाठीं नेमकी ३२ चिन्हांची चौकट आंखलेली. तींत १२८ बसणार कोठून? मुंबईचे सात आंकडी टेलिफोन क्रमांक आठ आंकडी झाले, तेव्हां पुढें एक दोन लावून काम भागलें. कारण तारा, यंत्रें आणि अधिकार हीं सगळीं मोजक्या हातांत होतीं. ठरलेल्या दिवशीं बदल झाला, जाहिराती आल्या, चार दिवस लोक चुकीचे क्रमांक फिरवीत राहिले, आणि मग सारें सुरळीत झालें. इंटरनेटला असा धनीच नाहीं. हजारों कंपन्या, विद्यापीठें आणि सरकारें आपापलीं जाळीं एकमेकांना जोडून बसलीं आहेत, त्याचें नांव इंटरनेट. १९८३ सारखा एका दिवसाचा हुकूम काढावयाचा तो कोणीं, आणि मानावयाचा तो कोणीं?

त्यांतून पहिलें पाऊल टाकणाराला लाभ कांहीं नाहीं, खर्च मात्र रोख. संकेतस्थळवाले म्हणत, नव्या पत्त्यानें येणारे गिऱ्हाईक कोठें आहे? सेवा पुरविणारे म्हणत, नव्या पत्त्यावर पाहावयास आहे काय? यंत्रें बनविणारे म्हणत, मागणी दाखवा, मग बनवितों. बिरबलाच्या गोष्टींत रात्रीं हौदांत दूध ओतावयास सांगितलेल्या प्रत्येक नागरिकानें, इतर सगळे दूध ओततील या भरंवशावर पाण्याचीच घागर रिती केली. तोच प्रकार येथें झाला. शिवाय देवडीवरच्या पहारेकऱ्याची युक्ति इतकी सोयीची ठरली कीं, संकट दर वर्षीं पुढें ढकललें जाई. तात्पुरत्या उपायांचा हा नेहमींचा शाप आहे: ते चांगले चालले, तर कायमचा उपाय कोणी करीतच नाहीं.

कोठार मात्र रितें व्हावयाचें थांबलें नाहीं. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं अमेरिकेंत मायामी येथें एक छोटा समारंभ झाला, आणि मध्यवर्ती साठ्यांतलीं शेवटचीं पांच मोठीं वतनें जगाच्या पांच विभागीय संस्थांना एकेक करून देण्यांत आलीं. त्यानंतर दहाच आठवड्यांनीं, १५ एप्रिल २०११ रोजीं, भारत ज्या आशिया-पॅसिफिक विभागांत मोडतो त्याचा नेहमींचा साठा संपला आणि उरलेल्या शेवटच्या वतनांतून शिधावाटप सुरू झालें. उत्तर अमेरिकेची पाळी २४ सप्टेंबर २०१५ रोजीं आली, आणि युरोपांतला साठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजीं पार आटला.

जी वस्तु मागितल्यास मिळत होती, ती आतां विकत घेण्याची झाली. २०११ सालींच नॉर्टेल या दिवाळखोरींत गेलेल्या कॅनडाच्या कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टनें ७५ लाख डॉलरांना घेतले. पत्त्यामागें सव्वाअकरा डॉलर पडले. दहा-अकरा वर्षांनीं बाजारांतला भाव एका पत्त्यास पन्नास डॉलरांच्या आसपास जाऊन पोंचला होता. पुढें तो उतरला. २०१७ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या त्या तंत्रविद्येच्या संस्थेनें आपल्या वतनांतला न लागणारा मोठा भाग विकावयास काढला, तेव्हां पुष्कळसे पत्ते अॅमेझॉननें घेतले. याच अॅमेझॉननें १ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या भाड्याच्या संगणकांवरच्या प्रत्येक जुन्या जाहीर पत्त्यास तासाचें भाडें लावलें. एके काळीं फुकट वांटलेली जमीन अशी हळूहळू सावकारीच्या कक्षेंत आली.

येथेंच हा विषय तंत्राच्या बाहेर पडतो. पंक्तींत आधीं बसला त्याचें पान भरलें, मागाहून आला त्याला वाढप्यानें रिकामें भांडें दाखविलें, असा हा न्याय झाला. भारतांत सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें खुलें केलें. तोंवर मोठीं वतनें वांटून झालेलीं होतीं. आज अमेरिकेच्या पदरीं दीडशें कोटींहून अधिक जुने पत्ते आहेत. भारताच्या पदरीं सुमारें चार कोटि. भारतांत इंटरनेट वापरणारे मात्र ऐंशीं कोटींहून अधिक. म्हणजे एकेका पत्त्याच्या आड वीस-वीस माणसें उभीं करावींत, तेव्हां कोठें पुरवठा व्हावयाचा.

हा पुरवठा कसा करतात? घरच्या पहारेकऱ्याच्या वर कंपनीचा एक आणखी मोठा पहारेकरी बसवितात. एका वाड्याऐवजीं सबंध पेठेला एकच दरवाजा! याचे परिणाम वापरणाराला दिसत नाहींत, पण सोसावे लागतात. त्या दरवाज्याआडच्या एखाद्या उपद्व्यापी मनुष्यानें कोणा संकेतस्थळाला त्रास दिला आणि त्यांनीं तो पत्ताच बंद केला, तर त्याच्याबरोबर पेठेंतलीं सगळीं निरपराध माणसें बाहेर राहतात. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या पोलिसांना पत्ता सांपडतो, पण त्या पत्त्याआड त्या क्षणीं असणाऱ्या असंख्यांतला कोण, हें सांपडत नाहीं. २०१७ सालीं युरोपोल या युरोपीय पोलिस संघटनेनें हीच अडचण जाहीरपणें मांडली होती. आणि तिसरा परिणाम सर्वांत खोल. पहारेकऱ्याच्या वहींत बाहेर गेलेल्या पत्राचीच नोंद असते. बाहेरच्यानें आपण होऊन आंतल्या बिऱ्हाडाला हांक मारावयाची सोय त्यांत मुळांत नाहीं. त्यामुळें दोन घरांना एकमेकांशीं थेट बोलतां येत नाहीं. कोणा मोठ्या कंपनीच्या दिवाणखान्यांत दोघांनीं जावें आणि तेथें भेटावें, असा प्रघात पडला. इंटरनेटच्या मूळ कल्पनेंत प्रत्येक यंत्र बोलणारेंही होतें आणि ऐकविणारेंही होतें. पत्त्यांच्या टंचाईनें त्याचे दोन वर्ण केले: ज्यांना स्वतःचा पत्ता आहे ते, आणि ज्यांना नाहीं ते.

कोंडी फुटावयास आरंभ झाला तो २०११ मध्यें. ८ जून २०११ रोजीं गूगल, फेसबुक, याहू आदि मोठ्या संकेतस्थळांनीं एका दिवसापुरतीं आपलीं दारें नव्या पत्त्यालाही उघडून पाहिलीं. जग कोलमडलें नाहीं. मग ६ जून २०१२ रोजीं तीं दारें कायमचीं उघडलीं. या स्थलांतरासाठीं तीन साधनें वापरतात. पहिलें दुहेरी वास्तव्याचें: एकाच यंत्रानें जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते बाळगावे, आणि ज्या वाटेनें आधीं उत्तर येईल ती धरावी. दुसरें बोगद्याचें: नव्या पत्त्याचें पुडकें जुन्या पत्त्याच्या पाकिटांत घालून जुन्या मुलखांतून पार न्यावें. तिसरें दुभाष्याचें: ज्याच्याकडे फक्त नवा पत्ता आहे त्याचें म्हणणें, फक्त जुनें समजणाराला, मध्यें उभें राहून समजावून सांगावें.

या कामीं भारतानें बजावलेली कामगिरी पुष्कळांना ठाऊक नाहीं. सरकारनें २०१० च्या जुलै महिन्यांत या बदलाचा पहिला राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला आणि २०१३ सालीं दुसरा. पण खरा वेग आला तो गरजेपोटीं. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं रिलायन्स जिओची मोबाइल सेवा सुरू झाली. कोट्यवधि गिऱ्हाइकांना पुरतील एवढे जुने पत्ते जगाच्या बाजारांत मिळणें शक्यच नव्हतें. तेव्हां त्या कंपनीनें आरंभापासूनच आपलें जाळें नव्या पत्त्यावर उभें केलें, आणि जुन्या जगाशीं बोलण्यास दुभाषी नेमले. मोडावयास जुना वाडाच नव्हता, म्हणून नवी इमारत लवकर उठली. त्याच वर्षीं १ जूनपासून अॅपलनेंही आपल्या मोबाइलवरील प्रत्येक नवा कार्यक्रम निव्वळ नव्या पत्त्याच्या जाळ्यावर चाललाच पाहिजे, अशी अट घातली. गूगलच्या मोजणीप्रमाणें २०१२ सालीं जगांतले एक टक्क्याहूनही कमी लोक नव्या पत्त्यानें येत. आज तें प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे, आणि भारतांत तर तें दोन-तृतीयांशांच्याही वर आहे. ज्या देशांच्या कोठारांत जुने पत्ते ओसंडून वाहत होते, त्यांपैकीं कित्येक या बाबतींत भारताच्या मागें आहेत. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण येथें कौतुकानें वापरण्यास हरकत नाहीं.

नव्या पत्त्याविषयींच्या शंकाही लक्षांत घेतल्या पाहिजेत. आरंभींच्या योजनेंत पत्त्याचा उत्तरार्ध यंत्राच्या अंगावर कारखान्यांतच कोरलेल्या आंकड्यापासून बनत असे. त्यामुळें ते यंत्र कोणत्याही गांवीं नेलें, तरी पत्त्याची शेपटी तीच राही, आणि पाळत ठेवणाराला मालकाचा माग काढणें सोपें जाई. ही भीति खरी होती. २००१ सालीं तिच्यावर उपाय निघाला, आणि आतां बहुतेक यंत्रें ही शेपटी यदृच्छेनें ठरवितात व वरचेवर बदलतात. दुसरी शंका अशी कीं, देवडी गेली तर घर उघडें पडेल. परंतु देवडी म्हणजे कुलूप नव्हे. कोणाला आंत घ्यावें आणि कोणाला नाहीं, हें ठरविणारी तटबंदी निराळी असते, आणि नव्या पत्त्याच्या घरालाही ती लागतेच. ती नीट लावली नाहीं, तर दोष पत्त्याचा नव्हे, राहणाराचा. नव्या पत्त्यानें सगळीं दुःखें दूर होतील असेंही नाहीं. ज्या कंपन्यांच्या दिवाणखान्यांत जग जाऊन बसलें आहे, त्या केवळ पत्ते मुबलक झाले म्हणून दिवाणखाने रिकामे करणार नाहींत. पण उठून स्वतःच्या घरीं जाण्याची ज्याला इच्छा होईल, त्याला निदान घर असेल.

जुना पत्ता जाणार तरी केव्हां? चेक प्रजासत्ताकाच्या सरकारनें २०२४ च्या जानेवारींत असें जाहीर केलें कीं, ६ जून २०३२ पासून आपल्या सरकारी सेवा जुन्या पत्त्यावर मिळणार नाहींत. इतक्या स्पष्टपणें तारीख सांगणारे थोडे. बाकीच्या जगांत जुना पत्ता एखाद्या जुन्या नाण्यासारखा हळूहळू चलनांतून जाईल. कोणी त्याला रद्द करणार नाहीं. घेणारे मात्र कमी होत जातील, आणि एके दिवशीं तो चालत नाहीं हें कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं.

१९७७ सालीं ३२ दिवे पुरे म्हणणाऱ्यांना आज हंसणें सोपें आहे. पण त्यांनीं तात्पुरतें म्हणून जें उभें केलें, त्यावर जगाचा व्यवहार चार दशकें उभा राहिला, हें विसरतां येत नाहीं. चूक असेल तर ती पुढच्यांची. नवें घर तयार असतांना तीस वर्षें जुन्यांत गर्दी करून राहिले, ते ज्यांना भरपूर खोल्या होत्या म्हणून. आणि त्या गर्दीचा ताप भोगला तो मागाहून आलेल्यांनीं. ज्याला जागा आहे त्याला स्थलांतराची घाई नसते, हा मनुष्यस्वभाव आंकड्यांच्या जगांतही तसाच कायम आहे.

चाळींतल्या पोस्टमनाला कोणत्या बिऱ्हाडाचें पत्र महत्त्वाचें आणि कोणाचें नाहीं, हें पाहावयाचें नसे. ज्याचा पत्ता असेल त्याच्या दारापर्यंत जाणें एवढाच त्याचा धर्म. इंटरनेटचा मूळ धर्मही तोच होता. त्याला तो पुन्हां पाळतां यावा, यासाठीं प्रत्येक दाराला आधीं स्वतःचा पत्ता पाहिजे.